दोर रिटायर होतो, आम्ही नाही

किस्से आपले आपणच वाढतात. आमच्या गिर्यारोहण ग्रुपमधला गफूरभाई मागच्या वर्षी बारा फुटांवरून पडला होता. चहाच्या टपरीवर सांगता सांगता तो आता चाळीस फुटांवर पोचलाय! कुणी टोकलं तर म्हणतो, "पडलो मी, तर फूट बी मीच मोजणार!"

नांदेड-लातूरचे गिर्यारोहक म्हटलं की पुण्याची माणसं आधी हसून घेतात. "तुमच्याकडे डोंगर कुठंय?" नाहीये, मग? जळकोटकडे एका शेतात दगडी बांधकामाची, कोरडी, खोल विहीर आहे. लोक वर चढून खाली उतरतात, आम्ही खाली उतरून वर चढतो. कुणाचं काय बिघडलं?

एकदा लातूरची रेखा त्या विहिरीत दोराला लटकली होती. शेजारच्या शेतातली एक मावशी धावत आली आणि काठावरून ओरडली, "अगं लेकी, सासरी लई तरास हाय का गं?"

रेखा आतूनच म्हणाली, "लग्नच झालं न्हाई मावशी! उद्या तरास झालाच, तर वर कसं यायचं ते शिकायलेय!"

मावशी तिथंच बसली आणि पोट धरून हसली. जाताना पदरातल्या शेंगा आम्हाला देऊन गेली.

याच रेखाला पुढं हिमालयातल्या एका कोर्समध्ये जागा मिळाली. चार वर्षं ती त्यासाठी धडपडत होती. आणि नेमकं त्याच वेळी घरच्यांनी तिचं लग्न जमवत आणलं. पोरगी रडकुंडीला आली होती. ते सांगतेच, पण आधी माझ्या धंद्याचं ऐका.

आमच्यात एक नियम आहे. दोर जुना झाला किंवा त्यावर कुणी जोरात पडलं, की तो रिटायर. आणि रिटायर म्हणजे लगेच तुकडे करायचे, नाहीतर कुणीतरी चुकून पुन्हा त्यालाच लटकायचं. ते तुकडे मला फेकवेनात. मी त्यांचे हार, कडी, कानातली करायला लागले. दोर अडकवायच्या लोखंडी, ॲल्युमिनियमच्या जुन्या कड्या गफूरभाई त्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात कापून त्यांचे मणी करून देतो. त्याचं म्हणणं, "माणूस रिटायर झाला की पेन्शन, दोर रिटायर झाला की झुमका!"

नांदेडच्या एका सराफानं माझा हार बोटावर टांगून विचारलं, "ताई, मोडीत काय येईल याचं?"

म्हटलं, "धूर!"

लातूरच्या प्रदर्शनात अर्धापूरच्या एका काकांनी बायकोसाठी हार नेला. दुसऱ्या दिवशी हजर! मला वाटलं, भांडायला आले. काका म्हणाले, "बायकोनं हात बी लावला न्हाई. पण मी बागेत बांधला, तर केळीचा घड काय पेललाय म्हणता! असले अजून किती हायत? ते मणी तेवढे काढून द्या."

माझी कला, आणि केळीला! पण दिले. पेलतो तो दागिना, असं मी तरी मानते.

आता रेखाचं. उमरीहून मुलाकडची मंडळी कुंकू लावायला आली. मी आणि गफूरभाई कोपऱ्यात बसलेलो. रेखाच्या गळ्यात मी केलेला निळा हार होता. ती कड्यावरून सुटली तेव्हा ज्या दोरानं तिला धरलं, त्या दोराचा.

मुलाच्या आत्यानं पर्समधून सोन्याची चैन काढली. "तारीख आमी काढलीय. ते डोंगरबिंगर आता बास. आन् गळ्यातलं ते दावं काढ आधी!"

रेखाचे वडील खाली बघायला लागले. मुलगा पोहे चिवडत बसला.

रेखा उठली. "काढते, आत्याबाई. पण आधी तुमची चैन त्या पंख्याच्या हुकाला बांधा. मी लटकते. तिनं मला पेललं, तर हिमालय सोडते!"

मुलाची आई जागची उठली. मोडलं लग्न, मी मनात म्हटलं. बाईनं रेखाच्या गळ्यातला हार मुठीत धरला आणि असा हिसका दिला की पोरगी दोन पावलं पुढं आली. हार जिथल्या तिथं!

"वन्सं, चैन ठेवा पर्समध्ये," ती नणंदेला म्हणाली. मग रेखाला विचारलं, "कधी संपतो गं तुझा कोर्स?"

"जूनमध्ये."

"मग हळद त्याच्यानंतर." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, मला बी असलंच एक दावं करा. जरा लांब ठेवा."