कोरड्यास

विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या हॉलात, पडद्यावर माझा शब्द एवढा मोठा दिसत व्हता. कोरड्यास. खाली माझं नाव. सर हसत म्हणाले, "असला कचरा येतो बघा. ‘कोरड्या’ लिहिताना बोट घसरलं असेल." सगळा हॉल हसला. मी दुसऱ्या रांगेत बसलेली. मीबी हसले. त्याची मला आजबी लाज वाटती.

आमचा शब्दकोश मोबाईलवरचा, सरांनी सुरू केलेला. त्याचा कोड सगळ्यांना उघडा. कुणीबी शब्द घालावा, चूक दुरुस्त करावी. सगळं काम हौशी लोकांचं. फकस्त शब्द पास करायचा हक्क सरांच्या चार माणसांकडं. मी रहिमतपुरात झेरॉक्सच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईक नसलं की दुकानातल्याच कॉम्प्युटरवर बसायची. दोन वर्सं शब्द घातले, बिघाड शोधले, लोकांच्या तक्रारींना उत्तरं दिली. मला तो पास करायचा हक्क पायजे व्हता. दुसरं काय न्हाई.

मग निनाद आला. सरांच्या मित्राचा मुलगा, पुण्यात शिकलेला. उंब्रजला कुणाच्यातरी लग्नात जेवला आन येताना एक शब्द घेऊन आला. कोरड्यास. अर्थ लिवला, ‘कोरडी भाजी’. तासाभरात पास. खाली सरांचं, "वा! अस्सल मातीतला शब्द."

माझा नुसता जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू? त्याच्या लॅपटॉपवर जळले. त्याच्या गुळगुळीत बोलण्यावर जळले. सर त्याच्या पाठीवर हात ठेवायचे, त्याच्यावर तर लयच जळले. घरी आई म्हणाली, "कोरड्यास घे की अजून." मी ताटावरनं उठले. आईला कळंना काय झालं.

आन सगळ्यात वंगाळ सांगू? मला निनाद व्हावंसं वाटायचं. सरांना मेसेज करताना ‘हाय’ खोडून ‘आहे’ लिहायची. तीनतीनदा तपासायची.

गेल्या महिन्यात परत बैठक, त्याच हॉलात. इषय, कामाला माणसं मिळंनात. सर म्हणाले, "गावाकडचे लोक पुढं येतच नाहीत. बरं, आजपासून शब्द निनाद पास करेल." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही जरा चहाचं बघता का?"

मी उठले.

"सर, कोरड्यास पातळ असतंय. कोरडी भाकरी घशाखाली जावी म्हणून करत्यात. तुमच्या कोशात उलटं लिवलंय."

कुणी हसलं न्हाई. निनाद म्हणाला, "मग दुरुस्ती पाठवा ना. मी पास करतो."

पास करतो म्हणं! माझ्या आईच्या ताटातला शब्द!

"न्हाई पाठवणार," मी म्हणले. "चहाचंबी तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी दुकानात बसून सगळ्या कोशाची प्रत घेतली. कोड उघडा हाय, कुणीबी प्रत घेऊन आपला कोश चालवावा, ह्ये सरांनीच शिकवलेलं. झेरॉक्सला येणाऱ्या अंगणवाडीच्या बाई जोडल्या, रिटायर सुभेदार जोडले. सुभेदार म्हणाले, "आवं ताई, येवढंच व्हय? आमाला कुणी इचारलंच न्हाई की!" आता बारा जण हायती. जो शब्द ज्याच्या घरात बोलत्यात, तो त्यानं पास करायचा.

निनादवर मी अजून जळते. परवा त्यानं आमच्याकडं एक शब्द पाठवलाय. त्याला कचरा म्हणणार न्हाई. पण आईला इचारल्याबिगर पासबी करणार न्हाई.