खालच्या वेटाळाची दवंडी

बुलढाण्याच्या म्युनिसिपालटीत पुंजाजी दवंडीवाला होता, आणि सव्वीस वर्षं डफडं बडवून त्याचं एक मत पक्कं झालं होतं. गावाला कान आहेत, डोकं नाही.

डफडं म्हणजे लाकडी कडं, एका बाजूने कातडं, दुसरी बाजू उघडी. ते वाजलं की बाया हातातली कामं टाकून दारात येत. देवीची लस टोचायला डॉक्टर येणार, मोकाट गुरं कोंडवाड्यात जाणार, बाजाराची जागा बदलली, सगळं पुंजाजीच्या तोंडून. कागद वाचणारे थोडे, आणि वाचणाऱ्यांचाही कागदावर भरवसा नव्हता. पुंजाजी बोलला म्हणजे सरकार बोललं. दोन दवंड्या एकमेकींच्या उलट गेल्या तर नंतरची खरी. सोमवारी कोंडवाडा बंद म्हटला आणि बुधवारी उघडा म्हटला, की उघडा. इतकं साधं काम होतं.

ते अध्यक्षाच्या निवडणुकीने नासवलं. तोवर मेंबर लोक आपसात चहा पिऊन अध्यक्ष ठरवत. देश स्वतंत्र झाला, वऱ्हाड अजून मध्यप्रांताला जोडलेलंच होतं, आणि नागपुराहून हुकूम आला की अध्यक्ष आता गावानेच मत देऊन निवडायचा. उभे राहिले दोघे, सरकीचे व्यापारी उत्तमराव आणि वकील हिंमतराव. दोघे एकमेकांचे साडू. त्यांनी मिळून ठरवलं की पक्ष नको, झेंडा नको, सभा नको. उत्तमरावांची मतपेटी पिवळी, हिंमतरावांची तांबडी, बाकी सगळं गोडीगुलाबीने. आता झेंडा नाही, सभा नाही, मग उरलं कोण? पुंजाजी उरला.

मंगळवारी त्याने पिवळ्या पेटीची दवंडी दिली. गुरुवारी तांबड्या पेटीची. गुरुवारी दुपारीच विमलबाई म्हातारीने त्याला रस्त्यात अडवलं.

"पुंजा, पिवळीचा हुकूम रद्द झाला काय रे?"

"माय, हुकूम नाही तो. उत्तमराव म्हन्तात मले द्या, वकीलसाहेब म्हन्तात मले द्या. तुले वाटंल त्याले दे."

"मंग तू काऊन सांगून राह्यला? सरकारनं काय ते एकदाच ठरवावं ना."

गावभर हेच. पुंजाजी समजावून समजावून थकला. साडूंना ही गोम कळायला दोन दिवस लागले, आणि कळल्याबरोबर गोडीगुलाबी आटोपली. शेवटची दवंडी ज्याची, गाव त्याचं. मग काय विचारता. सकाळी पिवळी, दुपारी तांबडी, चार वाजता पुन्हा पिवळी. पुंजाजीचा घसा बसला. कुठल्या मेल्याने ही निवडणूक काढली, असं तो घोगऱ्या आवाजात दिवसातून दहा वेळा म्हणे.

एवढ्यावर भागतं तरी चाललं असतं. पण दोघांनीही दवंडीत एक ओळ घुसडली, खालच्या वेटाळात नळ येणार. त्या ओळीने पुंजाजीचं माथं भडकलं. वरच्या भागात नळ होते. खालचं वेटाळ म्हणजे गरिबांची वस्ती, तिथल्या बाया उताराच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत. पुंजाजीचं घर त्याच वेटाळात. मेंबरांच्या मागच्या दोन्ही निवडणुकांत त्यानेच ओरडून सांगितलं होतं की नळ येणार. मेंबर निवडून आले, नळ आला नाही. वेटाळाने मेंबरांना कधी विचारलं नाही, विचारलं पुंजाजीला. शेजारचा रहेमतुल्ला कल्हईवाला रोज सकाळी आपली रिकामी बादली त्याच्या ओट्यावर आणून ठेवी. "नल आया तो भर देना, पुंजाजी." इतकी वर्षं झाली, त्या माणसाला एकाच थट्टेचा कंटाळा येत नव्हता.

आणि घरात शालूबाई, त्याची बायको. डोक्यावरची घागर उतरवताना ती कधी भांडली नाही. नुसतं म्हणायची, "तुमीच त सांगतलं होतं." पुंजाजीला हे फार लागे. तो स्वतःच्या मनाने कधी खोटं बोलला नव्हता. खोटं दुसऱ्याचं असायचं, पण तोंड त्याचं होतं, आणि गरिबाजवळ तोंडाशिवाय दुसरं काय असतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, दोघेही साडू त्याच्या दारात उभे.

"शेवटची माझी बरं, पुंजाजी," उत्तमराव म्हणाले.

"तुमची दुपारीच झाली," वकील म्हणाले. "आन् नळाचं जोरात सांगजो."

"नळाचं मी आधी काढलं."

पुंजाजीने हात जोडले. "मालक, वकीलसाहेब, मले एवढंच सांगा. नळ येनार हाये का?"

उत्तमरावांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने उत्तमरावांकडे.

"तू सांगून त दे," वकील म्हणाले. "पुढचं पुढं पाहू."

पुंजाजीने डफडं गळ्यात घातलं आणि निघाला. दोघांनाही वाटलं, आपलीच देणार. त्याने दिली ती स्वतःची. "लोकहो, कान द्या. मत ज्याले द्याचं त्याले द्या, हुकूम कोनाचाच नाही. आन् खालच्या वेटाळात नळ येनार नाही. मी आधी सांगतलं ते खोटं होतं."

निवडणूक हिंमतरावांनी एकवीस मतांनी जिंकली. पुंजाजीला काढून टाकायचं त्यांनी मनात आणलं होतं, पण नवा दवंडीवाला नेमला हे गावाला सांगणार कोण? तो राहिला. रहेमतुल्लाने बादली ठेवायचं सोडलं, शालूबाईचं ते वाक्य बंद झालं. पुंजाजीला कित्येक वर्षांनी सुखाची झोप लागली.

आणि पुढच्या चैत्रात वकिलाने नळ आणला. पुंजाजीला खोटं पाडायला आणला असेल, पण आणला. वेटाळात चर खणले, नळ्या पुरल्या. लोक म्हणाले, वरच्यांची नळी आपल्या दारावरून चालली. नळ येणार नाही, ही नळाची शेवटची दवंडी होती ना.

पाणी सुटायच्या दिवशी पुंजाजी वेटाळभर ओरडला. नळाले पानी आलं, घागरी घेऊन या. कोणी उठलं नाही. आपण खोटं सांगितलं असं ज्याने स्वतःच ओरडून सांगितलं, त्याची नंतरची दवंडी तरी आता कोण खरी धरणार? रहेमतुल्ला कल्हईच्या भात्यावरून हसला. "एक दफे बोलता आयेगा, एक दफे बोलता नहीं आयेगा. जाव मियां, घसा संभालो."

पुंजाजी तणतणत नळापाशी आला. तोटीतून जाड धार पडत होती आणि वेटाळाचं पाणी नालीतून वाहून जात होतं. एवढ्यात शालूबाई आली, दोन्ही हात रिकामे.

"घागर काऊन नाही आनली वं? तुले बी खरं नाही वाटत?"

"तुमी आनली काय?"

त्याने हाताकडे पाहिलं. हातात डफडं होतं. सकाळी घरून निघताना घागरी चुलीजवळच होत्या, आणि त्याने एकीलाही हात लावला नव्हता. आपण स्वतःही आपल्या दवंडीवर विश्वास ठेवला नाही, हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं आणि लाज वाटली.

मग त्याने डफडं उलटं केलं आणि धारेखाली धरलं. काठोकाठ भरलं, तसं ते दोन्ही हातांवर तोलत तो वेटाळातून चालू लागला. पाणी त्याच्या धोतरावर सांडत होतं. कातडं भिजून लिबलिबीत झालं, आता ते महिनाभर वाजणार नव्हतं. तो रहेमतुल्लाच्या भट्टीपाशी थांबला. रहेमतुल्लाने डफड्यात बोट बुडवलं, ओठाला लावलं आणि बादली शोधायला उठला. त्याच्या मागे दारादारांतून घागरी निघाल्या.

पुंजाजी तोंडातून शब्द न काढता पुढच्या घराकडे गेला.