रिकामी टाकी पाणी का घेत नाही

माझी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी ब्राह्मणपुरीला आमच्याकडे आली, त्याच आठवड्यात आमच्या बाथरूमचं पाणी तुंबायला लागलं. अंघोळ करताना पाय घोट्यापर्यंत पाण्यात असायचे. संडासात बादली ओतली की बाथरूमच्या जाळीत गुडगुड व्हायची आणि काळपट पाणी वर यायचं. तिला दिवस भरत आलेले, त्यात फरशी निसरडी. ती अंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी राहायचे.

माझा नवरा नंदुरबारला नोकरीला जातो. त्याचं म्हणणं, संडासाची टाकी भरली असणार. घर बांधल्यापासून ती उपसलीच नव्हती, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ते पटलं. शहाद्याहून मैला उपसणारी गाडी आली आणि टाकी रिकामी करून गेली. मी फिनेल टाकून फरशी घासली. दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेनं आतून हाक मारली. पाणी पुन्हा तसंच उभं होतं.

त्या संध्याकाळी नवरा येताना ॲसिडची बाटली घेऊन आला. नणंदेला साध्या फोडणीचा वास सहन होत नव्हता, तिथे तो धूर कुठे करायचा, म्हणून मी ती ओतू दिली नाही. शिवाय दिवसभर एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळत होती. ती मी त्याला बोलून दाखवली.

"रिकामी टाकी पाणी का घेत नाही?"

त्यानं लगेच गवंड्याला फोन केला, तर तो म्हसावदला एका बांधकामावर अडकलेला. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला.

सकाळी नवरा गेल्यावर मी सासूबाईंपाशी तोच विषय काढला. सासरे गेल्यापासून शेत त्याच बघतात. उसाला, केळीला पाणी भरण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी मला मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचत उठल्या. "पाणी वाटमा कोठे तरी बसी ऱ्हायनं. चाल, देखूत."

स्वयंपाकघराचं पाणी वेगळ्या पाइपनं पपईच्या झाडांकडे जातं. ते बिनतक्रार वाहत होतं. म्हणजे दोष फक्त संडास-बाथरूमच्या वाटेवर. ते दोन पाइप मागच्या अंगणात एका चेंबरला मिळतात आणि तिथून एकच पाइप जमिनीखालून टाकीकडे जातो. आम्ही पहार घालून चेंबरचं झाकण सरकवलं. चेंबर काठोकाठ भरलेलं होतं. तो वास सांगायची सोय नाही, पण मला तेव्हा आनंदच झाला. घरापासून चेंबरपर्यंत पाणी येत होतं. पुढे टाकी रिकामी होती. अडलं होतं ते मधल्या पाइपात.

हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून मी चेंबर उपसलं आणि ती घाण लांबच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढली. मग ठिबकची जुनी, जाड नळी चेंबरमधून टाकीच्या दिशेनं आत सारली. ती थोडी गेली आणि थटली. मी जोर लावला, पिळून बघितलं, पण नळी पुढे जाईना. चेंबरच्या तोंडाशी नळीला खुणेचा दोरा बांधला, ती बाहेर काढून धुतली आणि दोरा चेंबरपाशी ठेवून पाइपच्या रेषेत वर जमिनीवरच अंथरली. नळीचं टोक बरोबर अंगणात उभ्या असलेल्या आमच्या उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखाली आलं.

सासूबाई त्या चाकाकडे बघत राहिल्या. मग खणायची जागा बोटानं दाखवत म्हणाल्या, "आठेच खंद."

ट्रॉली दोघींना हलणार नव्हती. संध्याकाळी नवऱ्याला दाखवलं. गल्लीत चिखल असतो म्हणून गेला हंगामभर भरलेली ट्रॉली तोच तिथे लावायचा. रविवारी त्यानं ट्रॉली काढली आणि कुदळ घेतली. मी पावड्यानं माती ओढत होते. पाइप तिथे दबून खाली बसला होता, सांधा उघडला होता आणि आत मातीचा घट्ट गोळा झाला होता.

खराब तुकडा कापून नवा बसवायचा, एवढंच नवऱ्याच्या मनात होतं. सासूबाईंनी त्याला थांबवलं. पाइप ठेवण्याआधी त्यांनी उघड्या चरात तांब्यानं पाणी सोडलं आणि उसाच्या सरीत बघतात तसा वाकून उतार बघितला. पाणी एका जागी थबकलं. तिथे थोडी भर घालायला लावली, पुढची माती काढायला लावली, पुन्हा पाणी सोडलं. नवरा घामाघूम झाला होता, तरी त्या सांगतील तिथे कुदळ मारत होता. चौथ्यांदा की पाचव्यांदा पाणी न थांबता टाकीकडे गेलं, तेव्हा कुठे त्यांनी पाइपखाली वाळू अंथरू दिली.

नव्या तुकड्याचे सांधे वाळल्यावर नणंद स्वतःच बादली घेऊन बाथरूममध्ये गेली. मी चेंबरपाशी उकिडवी बसले. पाणी आलं, चेंबरच्या तळातून सरळ धावलं आणि दिसेनासं झालं. आतून नणंद हसल्याचं ऐकू आलं. मी आणखी दोन बादल्या ओतायला लावल्या. गरज नव्हती, मला बघायचं होतं.

पुढे तिला मुलगी झाली. बारशाला घर माणसांनी भरून गेलं, बाथरूम दिवसभर मोकळं नव्हतं, आणि पाणी एकदाही अडलं नाही. प्रकाशा गावाहून आलेल्या, नणंदेच्या सासरच्या विहीणबाईंनी सहज घराचं कौतुक केलं. सासूबाईंनी लगेच त्यांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं, आता विटा रचून ट्रॉलीला बंद केलेली ती जागा दाखवली आणि म्हणाल्या, "हाई मन्ही सूननी शोधी काढं."

स्वतः लावलेल्या उताराचं त्यांनी काही सांगितलंच नाही. ते मी सांगितलं. विहीणबाई मग त्यांच्या घरच्या मोरीचं पाणी कसं सावकाश जातं ते सांगू लागल्या. सासूबाईंनी दोन खुर्च्या ओढल्या. एकीवर विहीणबाईंना बसवलं, दुसरीवर मला.