विहिणीसाठी फ्रेंच

अकोल्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे ऊन दुपारच्या कामाला लागले होते. अकोटच्या एसटीत शेजारच्या काकांनी विचारले, "काय काम काढलं मॅडम?" फ्रेंच शिकवायला चालले आहे, मी म्हटले.

"अकोटात कोणाले पायजे फ्रेंच?"

"एका फुलवाल्या ताईंना."

"मंग बरोबर गाडीत बसल्या," म्हणून ते झोपले.

वनमालाताईंचा झेंडूचा मळा गावाबाहेर आहे. त्यांची कल्याणी पुण्यात माझी विद्यार्थिनी होती. आता ती फ्रान्समध्ये असते, नवरा तिथलाच, आणि तिला दिवस गेले आहेत. पहिले बाळंतपण माहेरी व्हायला हवे, आणि त्यासाठी विहिणीला तिच्याच भाषेत रीतसर विचारायला हवे, असे ताईंनी ठरवले होते. म्हणून मला बोलावणे. कल्याणीला यातले काही ठाऊक नव्हते.

फुले तोडता तोडता शिकवणी चाले. प्रश्न मात्र पुण्याच्या वर्गातलेच.

"फ्रेंचमंदी टेबल बाई काहून?"

"आपली खुर्ची का बाई?"

"खुर्ची तं दिसतेच ना बाई."

पुढे गेलो. फ्रेंचमध्ये ऐंशीला 'चार वीस' म्हणतात याला माझे विद्यार्थी हसतात. ताई म्हणाल्या, "माही सासूबी असंच मोजे." 'ज व्ह' (मला पाहिजे) आणि 'ज व्हुद्रे' (मिळालं तर बरं होईल) यांतला फरक समजावायला मी एरवी अख्खा तास ठेवते. "पोरीवाल्यानं 'पायजे' म्हनू नाही," ताई म्हणाल्या आणि तास संपला. दुपारी पाटोडीचा (बेसनाच्या वडीचा) झणझणीत रस्सा होता. घशातून काढायचा फ्रेंच 'र' मला तो खाल्ल्यावर फार चांगला जमला.

अकोटातल्या माझ्या शेवटच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. ताई नव्या लुगड्यात, पडद्यावर विहीणबाई आणि मागे कल्याणी. ताईंनी न अडखळता विचारले: कल्याणीला बाळंतपणाला पाठवाल का? विहीणबाईंनी शांतपणे ऐकून उत्तर दिले. मी मराठीत सांगितले, "मी कोण पाठवणारी? तिलाच विचारा, म्हणतात."

मागून कल्याणी म्हणाली, "आई, मले काहून नाही इचारलं?"

"पोरीले कोन इचारते? मले कोनी इचारलं होतं?" ताईंनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "बरं, सांग. तुले यायचं हाय काय?"

"नाही आई. मले इथंच राहायचं हाय. तू ये."

ताईंनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या गोठ्याकडे गेल्या. मला फार वाईट वाटले.

सकाळी त्या मला एसटीत बसवायला आल्या. मी जागेवर बसले तेव्हा खिडकीशी येऊन त्यांनी विचारले, "मॅडम, तिथल्या दवाखान्यात 'बाजूले व्हा, मी तिची माय हाय' हे कसं म्हनायचं?"

मी सांगितले. त्यांनी हळू म्हणून पाहिले, मग जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा दारातला कंडक्टर मुकाट्याने बाजूला झाला.