दिलबहादूरला शंभराच्या नोटा हव्या होत्या

मंडळी, आज सकाळी आर्वीत दुकान उघडत होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीचा नेपाळी चौकीदार दिलबहादूर आला.

"भाऊ, या पाचशेच्या नोटांच्या बदल्यात शंभराच्या नोटा द्या ना. तिकडं आमच्या गावात मोठी नोट कोणी घेत नाई."

मी हसून म्हटलं, "घरी चालला का? माय खुश होईल मंग!"

"माय रातीच गेली, भाऊ."

मी गल्ला रिकामा केला. शेजारच्या मेडिकलवाल्यानंही होत्या तेवढ्या नोटा दिल्या. त्या खिशात ठेवत दिलबहादूरनं विचारलं, "तेराव्यापर्यंत तरी पोचीन ना मी?"

"पोचशीन," म्हटलं आणि त्याला बसमध्ये बसवून दिलं.

तेव्हापासून दुकानात मन लागत नाही. आईचं तोंडही ज्याला शेवटचं पाहता येणार नाही, त्याच्याशी काय बोलावं? तुम्ही काय बोलला असता?