बोलण्याच्या रकान्यातला मार्क

मेंदूच्या आवरणाचा टीबी झालेला पेशंट आला की आमच्या वॉर्डात पहिल्याच दिवशी त्याला मार्क मिळतात. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. मार्क कमी तर पुढची आशा कमी. माझी सगळी नोकरी ते मार्क बघण्यात गेली आणि बहुतेक वेळा ते खरे ठरले, हे कबूल करते.

ती मुलगी धायरीहून आली होती. मूळची गोंदियाकडची. नवरा कंपनीत शिफ्टला, म्हणून उशाशी सासरे. तरुण डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, वार विचारला, सासऱ्यांकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारलं. ती डोळे उघडे ठेवून गप्प. बोलण्याच्या रकान्यात सगळ्यात कमी मार्क पडला. वाचली तरी शुद्धीत येईल असं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सासऱ्यांना सांगितलं.

"मंग गाडी पाहू का, सिस्टर?" त्यांनी मला विचारलं. "गावालेच नेतो तिले."

औषध सुरू होऊन जेमतेम एक दिवस झाला होता. गाडी निघाली असती तर विषयच संपला असता. मला राग आला, कोणाचा ते मलाही कळेना. उशी सारखी करताना मात्र एक दिसलं. सासरे खाटेजवळ आले की तिचा सलाइनचा हात चाचपडत डोक्याकडे जायचा. अंगात हॉस्पिटलचा गाऊन आणि ही बाई पदर शोधत होती. जिला काही कळत नाही तिला सासरे बरे कळतात.

"बाबा, जरा चहा पिऊन या," मी म्हणाले. ते गेल्यावर तिच्या कानाशी वाकले. "कोण गं ते?"

"मामाजी," ती पुटपुटली. तिकडे सासऱ्याला हेच म्हणतात, आणि त्याच्यासमोर सून तोंड उघडत नाही. मग वारही सांगितला, चुकीचा.

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. "परत विचारा. चहा पिऊन होईपर्यंतच वेळ आहे." त्यांनी विचारलं, ऐकलं, आणि आधीचा आकडा मुकाट्याने खोडून नवा लिहिला. गाडी ठरली नाही. त्या खाडाखोडीचा मला आजही अभिमान आहे, उगाच विनय कशाला दाखवू?

वर्षभराने गोळ्या संपल्या तेव्हा ती तपासणीला आली. डावा पाय किंचित ओढत, पण स्वतःच्या पायांनी. डॉक्टरांनी विचारलं, "आता कसं वाटतंय?" ती खाली बघत राहिली.

सासरे खुर्चीवरून उठले. "मी बाहीर बसतो," म्हणाले, आणि जाताना दार लोटून गेले.