फुटलेली बातमी आणि फ्रीगंजचे वकीलसाहेब

वर्दी उतरवून बरीच वर्षं झाली, तरी ते प्रकरण माझ्या मनातून काही जात नाही. खून नाही, दरोडा नाही, साधा एक तक्रार अर्ज होता. पण उज्जैनच्या फ्रीगंजमधून जाताना वकीलसाहेबांच्या इमारतीकडे नजर गेली की आजही पाऊल रेंगाळतं.

तेव्हा मी उज्जैनमध्ये ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. एका सकाळी हजेरी आटोपून चहा घेत बसलो होतो, तोच सोयाबीन तेलाच्या एका कारखान्याचे मालक तणतणत आत आले. त्यांची कंपनी इंदूरच्या एका मोठ्या कंपनीत विलीन होणार होती. बोलणी फ्रीगंजच्या एका वकिलांमार्फत अगदी गुपचूप चालली होती. तरीही सह्या होण्याआधीच एका जमीन दलालाने कारखान्याच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंतची पट्टी विकत घेऊन टाकली आणि आता तो तोंडाला येईल ती किंमत मागत होता. रस्ताच अडल्यावर इंदूरवाले काढता पाय घ्यायला लागले होते.

"साहब, बात वकील के दफ्तर से ही फूटी है," मालक म्हणाले. "वहाँ जो जूनियर लड़की है, उसका मामा भी जमीन का धंधा करता है. उसको उठाइए."

वकिलांचं नाव ऐकून मी चमकलोच. कंपन्यांची विलीनीकरणं आणि खरेदी या कामात त्या ऑफिसचा केवढा लौकिक! इंदूर-भोपाळचे उद्योगपती तिकडची चकचकीत ऑफिसं सोडून फ्रीगंजच्या त्या अरुंद जिन्याने वर येत, ते एकाच कारणासाठी. इथून बातमी बाहेर जात नसे. वकीलसाहेब जुन्या मराठी घराण्यातले, पूर्वज दरबारात कारकुनी केलेले. त्यांच्या ऑफिसात कंपनीचं नाव उच्चारायचं नाही, असा दंडकच होता. विकली जाणारी कंपनी म्हणजे 'वधूपक्ष' आणि घेणारी म्हणजे 'वरपक्ष'. फोनवरसुद्धा तसंच. खालच्या चहावाल्याला कित्येक दिवस वाटत होतं की वर लग्नं जुळवतात.

गुन्हा दाखल करण्याआधी चौकशी करायची होती. मुलीला ठाण्यात बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, म्हणून मी साध्या कपड्यात त्यांच्या ऑफिसात गेलो. मुलगी माधव नगर भागातली, वडील बँकेतून निवृत्त झालेले. प्रत्येक प्रश्नाला तिने सरळ उत्तर दिलं.

"मामांशी शेवटचं कधी बोललात?"

"दिवाळीला. चकल्या कडक झाल्यात म्हणाले."

मला हसू आलं, तिला नाही. ती म्हणाली, "साहेब, माझा यात हात नाही हे तुम्ही लिहाल. पण तुमचा कागद कोण वाचतंय? उद्यापासून मला कुठला वकील फाईल हातात देईल?"

नोकरीतला माझा अनुभव असा की गुन्हेगाराला आधी पोलिसांकडे काय पुरावा आहे ते जाणून घ्यायचं असतं. हिला तिच्या पुढच्या आयुष्याची काळजी पडली होती. ही मुलगी निर्दोष आहे, हे मला तिथेच वाटलं, पण वाटण्यावर अर्ज निकाली निघत नाही.

वकीलसाहेब शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "पूर्ण तपास करा साहेब, बिलकुल भीड ठेवू नका. माझ्या इथून गेलं असेल तर मला कळायलाच हवं."

धागा मिळाला तो देवास गेटला. तिथल्या बसस्टँडवरच्या आमच्या खबऱ्याने सांगितलं की दलाल हॉटेलात बसून फुशारकी मारतो, म्हणे ही खबर मला खुद्द गणपतीने दिली. मी दलालाला उचलून आणलं.

"साहब, कसम से, गणपति जी के सामने ही सुना है," तो म्हणाला.

मी टेबलावर हात आपटला. "मजाक सूझ रहा है?"

तो रडकुंडीला आला. "बेटी की शादी का पहला कार्ड चढ़ाने गया था, साहब. वहीं सुना."

आमचे हवालदार तोंड फिरवून हसत होते. मला मात्र त्या माणसाचं रडं खोटं वाटेना. आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका शहराबाहेरच्या गणपतीला वाहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दलालाला घेऊन मी तिथे गेलो आणि खांबाला टेकून बसलो. पुजारी येईल त्याला विचारत होते, नाव सांगा, गोत्र सांगा, काय मनात आहे ते सांगा. आणि लोक सांगत होते, अगदी मोकळ्या आवाजात! कुणाला बदली हवी होती, कुणाला भावावरचा दावा जिंकायचा होता, कुणाच्या मुलीचं ठरता ठरता मोडलं होतं. माझ्या खबऱ्यांनी वर्षभरात दिलं नसेल एवढं मला तिथे बसल्या जागी कळलं.

"वहीं बैठे थे," दलाल हळूच म्हणाला. "सफेद बाल, और आवाज ऐसी कि सोया हुआ जज भी जाग जाए. दोनों कंपनियों के नाम लिए और बोले, निर्विघ्न एक हो जाएँ."

तो आवाज मी कोर्टात कितीदा तरी ऐकला होता. गाडीत बसलो तेव्हा मला अजिबात आनंद झाला नव्हता.

दुपारी ऑफिसात दार लावून घेऊन मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हो. प्रत्येक काम हातात घेतलं की जातो. वडीलही जात."

"पण तिथेही वधूपक्ष-वरपक्ष म्हणायचं होतं ना!"

मी काही भलतंच बोललो असावं अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देवापुढे खोटं नाव कसं घेणार, साहेब?"

मी कामाचं बोललो. कानावर आलेल्या बातमीवरून जमीन घेणं हा काही गुन्हा नव्हे. कोणाविरुद्धही पुरावा नाही असं लिहून मी अर्ज निकाली काढतो, देवळातलं कुणाला सांगायची गरज नाही.

"आणि पोरीचं काय?"

"तिच्याविरुद्धही पुरावा नाही, असं लिहीन."

"म्हणजे संशय तसाच."

त्यांनी मोबाईल उचलला आणि माझ्यासमोर कारखान्याच्या मालकांना फोन लावला.

"बात मुझसे फूटी है," ते म्हणाले. "मुझसे. मंदिर में संकल्प लेते वक्त मैंने दोनों नाम जोर से लिए. बच्ची का इसमें कुछ नहीं. आप जिससे चाहें, कह दीजिए."

पलीकडचा आरडाओरडा मला खुर्चीत बसून ऐकू येत होता. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला, फोन कानापासून जरासुद्धा दूर केला नाही. मग इंदूरला फोन लावून तेच शब्द पुन्हा सांगितले.

मी दार उघडलं तर ती मुलगी बाहेरच उभी होती. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. डोळे पुसत म्हणाली, "काका, निदान मला विचारायचं तरी. मी नको म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं, बेटा."

ते विलीनीकरण दुसऱ्या वकिलांकडे गेलं, आणि हळूहळू बाकीचीही गेली. वकीलसाहेब घरांच्या वाटण्या आणि भाडेकरूंचे दावे चालवू लागले. पिढ्यान्‌पिढ्यांचा लौकिक गेला, पण त्यांच्या तोंडून मी कधी कुरकुर ऐकली नाही. ती मुलगी मात्र ताठ मानेने कोर्टात उभी राहत होती. पुढे माझी बदली झाली, तरी उज्जैनला आलो की त्यांच्याकडे चहा ठरलेला असे. आता ते नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते.

नोकरीत मी शेकडो कबुल्या लिहून घेतल्या. सुटायचे सगळे मार्ग बंद झाले की माणूस कबुली देतो, हेच मी शिकलो होतो आणि नव्या पोरांना शिकवतही होतो. या एका माणसाला सुटायचा मार्ग मी स्वतः काढून दिला होता, आणि तो त्याने घेतला नाही.